राजारामपुरीतला स्पोकन इंग्लिश क्लास: साडेसहा हजारात एकच शब्द, पण खणखणीत

क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली शिव्या पण आहेत आणि कौतुक पण आहे, आणि राजारामपुरीत गल्लीचा नंबर जरी सांगितला तरी निम्म्या कोल्हापूरला कळेल कुठला ते. मेन रोडपासून आत, पहिला मजला, खाली झेरॉक्सवाला, जिन्यात चपलांचा ढीग, एवढं बास. तीन महिन्यांची बॅच, फी साडेसहा हजार, आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी साडेसात ते नऊ.

माझं वय ४६. शिरोली एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे, सहा लेथ, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं), बारा-चौदा माणसं. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पुढं पाठवतो. इंग्रजी बोलायची वेळ आमच्या धंद्यात फारशी येत नाही, ड्रॉइंग वाचता आलं की झालं, पण मेल लिहायला लागतात, आणि मेलनंच घात केला म्हणून या वयात क्लास लावला.

झालं असं की एका कस्टमरनं चारशे पीसचा लॉट परत पाठवला, बोर ओव्हरसाईज, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. चूक आमचीच होती, इन्सर्ट (मशिनवर धातू कापणारा छोटा तुकडा) झिजलेलं कुणी बघितलं नव्हतं. पण त्यांच्या क्वालिटीच्या पोरांनी त्याच दिवशी फोन करून सांगितलं म्हणून पुढचा लॉट तरी वाचला, नाहीतर अजून चारशे पीस भंगारात. मला खरंच बरं वाटलं होतं, मनापासून आभार मानावेत म्हणून रात्री जेवण झाल्यावर बसून मेल लिहिला. "थँक्स टू युवर क्वालिटी टीम, फोर हंड्रेड पीसेस आर रिजेक्टेड. वी आर व्हेरी ग्रेटफुल." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मॅनेजरचा फोन, "साहेब, चिडलाय का तुम्ही?" मला कळेना काय झालं. नंतर पोरीनं सांगितलं, बाबा, "थँक्स टू" म्हणजे "च्यामुळं", तुम्ही लिहिलंय की तुमच्या टीमच्या कृपेनं आमचे चारशे पीस गेले. आपण नाही का म्हणत, "आपल्या कृपेनं गाडी चुकली", तसलं. आणि वर ग्रेटफुलचं स्पेलिंग पण चुकीचं. पोरगी अकरावीला आहे, तिला हसू आवरेना.

आता क्लास. पहिल्यांदा वाईट सांगतो म्हणजे नंतर चांगलं सांगायला मोकळा.

बॅचला वीस पोरं असतील म्हणाले होते, आम्ही बत्तीस होतो. एसी आहे असं लिहिलंय, आहे पण, भिंतीवर आहे. मे महिन्यात पहिल्या मजल्यावर पत्र्याखाली बत्तीस माणसं, विचार करा. तीन वेळा क्लास न सांगता रद्द केला आणि भरून काढू म्हणाले ते अजून काढतायत. पार्किंगचं तर नावच काढू नका, गाडी दोन गल्ल्या पलीकडं लावून चालत यायचं.

आणि ते "पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट"वाले सर. आठवड्यातला एक तास त्यांचा. ते आल्या आल्या टाळ्या वाजवायला लावतात आणि मग "ॲटिट्यूड ऑफ ग्रॅटिट्यूड" सुरू. प्रत्येकाला एक वही दिली (वहीचे साठ रुपये वेगळे), तिच्यात रोज रात्री झोपताना तीन गोष्टी लिहायच्या, आज मी कशाकशासाठी ग्रेटफुल आहे. पहिल्या दिवशी बायको, पोरं, तब्येत लिहिलं. तिसऱ्या दिवशी "आज शॉपची लाईट गेली नाही" इथपर्यंत आलो. आठव्या दिवशी मागचं पान बघून उतरवून काढलं. माझ्या शेजारी एक पोरगा बसायचा, कॉलेजचा, तो रोज एकच लिहायचा, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, आई. याच क्रमानं. सर न वाचता खाली "एक्सलंट" लिहायचे. सर सांगायचे की हे सगळं सायंटिफिक आहे, अमेरिकेत सिद्ध झालंय. पोरीला शोधायला सांगितलं तर खरंच निघालं, २००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककुलो या दोघांचा पेपर आहे, पण त्यातल्या पहिल्या प्रयोगात लोकांनी आठवड्यातनं एकदाच लिहिलं होतं, दहा आठवडे, आणि ज्यांनी चांगलं घडलेलं लिहिलं त्यांना कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आपलं बरं चाललंय असं जास्त वाटलं. आठवड्यातनं एकदा मीही लिहिलं असतं की हो. रोज रात्री लिहायला लावलं की त्याची हजेरी होते.

असो. आता ज्याच्यासाठी एवढं टाइप करतोय ते.

ग्रामर शिकवायला एक मॅडम होत्या, हायस्कूलमधनं रिटायर झालेल्या, साठीच्या पुढच्या. कॉटनची साडी, पिशवीत स्वतःचे खडू, कारण क्लासचं मार्कर कायम सुकलेलं. फळा पण त्यांनीच मागून घेतला होता म्हणे. आवाज बारीक, पण मागच्या बाकावर कुजबुज झाली की थांबायच्या आणि नुसतं बघायच्या. मी त्यांना माझा मेलचा किस्सा सांगितला. वाटलं एका वाक्यात चूक सांगून सोडतील, तर म्हणाल्या, "उद्या दुसरं काही नको, हा एकच शब्द घेऊ." आणि दुसऱ्या दिवशी दीड तास एकच शब्द.

सुरुवात स्पेलिंगनं. सगळ्यांना कागदावर लिहायला लावलं. बत्तीसातल्या एकवीस जणांनी माझ्यासारखंच लिहिलं, जी आर ई ए टी आणि पुढं फुल. मॅडम म्हणाल्या, "यात ग्रेट कोणी नाही. जी आर ए टी ई." एका मुलीनं लगेच विचारलं, मॅडम, ते तर किसायचं ग्रेट ना, चीज ग्रेट करतात ते? मग ग्रेटफुल म्हणजे काय किसणीभर? सगळा वर्ग हसला, मॅडम पण हसल्या. मग म्हणाल्या की किसायचं ग्रेट वेगळ्या घरातलं, हे वेगळ्या. लॅटिनमध्ये ग्राटुस असा शब्द होता, आवडेल असा, सुखावणारा, आणि उपकाराची जाण असलेला पण. त्याच्यावरनं इंग्रजीत ग्रेट असं विशेषण आलं, ते एकटं असं आता कोणी वापरत नाही, मरून गेलं, फक्त या ग्रेटफुलच्या पोटात शिल्लक राहिलंय. आपण मराठीत दोन्ही ग्रेट, थोर माणसाचा ग्रेट आणि हा, सारखेच लिहितो आणि बोलतो, म्हणून आपला गोंधळ होतोच होतो, पण इंग्लंडची पोरं पण हे चुकतात म्हणे, तेवढंच समाधान.

मग त्यांनी त्याच घरातली बाकीची भावंडं फळ्यावर काढली आणि तिथं माझी झोप उडाली. ग्रेस, म्हणजे आपल्या दहावीच्या ग्रेस मार्कातला ग्रेस. काँग्रॅच्युलेशन्स. ग्रॅटिस म्हणजे फुकट. आणि ग्रॅच्युइटी! आता ग्रॅच्युइटी हा शब्द माझ्या टेबलावर रोज आहे. तेव्हाचा १९७२ चा कायदा, सलग पाच वर्षं नोकरी, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, हे मला झोपेत विचारा. आमच्याकडं एक टर्नर होते, म्हणजे लेथ चालवणारे, सतरा वर्षं काम करून नोकरीतनं बाहेर पडले, शेवटचा पगार महागाई भत्त्यासकट अठरा हजार. अठरा हजार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले सतरा, एक लाख ७६ हजार ५३८ रुपये. तो चेक देताना मी, खोटं कशाला बोलू, मनात कुरकुरलो होतो. कायद्यानं द्यायचेच होते, दिले. आणि इथं ही बाई सांगतेय की त्या शब्दाचा अर्थच मुळात खूश होऊन, जाण ठेवून दिलेली भेट, टिप पण त्यातच येते. त्या माणसानं सतरा वर्षांत माझं एक पण इन्सर्ट चोरलं नाही, सुट्टी घेतली तर आदल्या दिवशी सांगून घेतली, आणि मी चेकवर सही करताना सव्वीसनं भागाकार बरोबर आला का ते दोनदा बघत होतो. त्या दिवशी क्लासमध्ये जरा गप्पच बसलो.

उच्चाराचं पण सांगतो, कारण हे कुठल्याच पुस्तिकेत नीट नव्हतं. ग्रेटफुलमध्ये ग्रे, पण ग्रॅटिट्यूडमध्ये ग्रॅ. मूळ तेच, आवाज बदलतो. मी आयुष्यभर ग्रेटिट्यूड म्हणत आलो. आणि ग्रॅटिट्यूडचं अनेकवचन करायचं नाही, "मेनी ग्रॅटिट्यूड्स" असं आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं, त्याला मॅडम म्हणाल्या, "दूध मोजतोस का तू? दोन दुधं, तीन दुधं?" तो पोरगा गंगावेशीतला निघाला, म्हणाला मॅडम आमच्यात म्हशी मोजतात. उलटा शब्द करताना पण गंमत आहे, माणूस अनग्रेटफुल, पण त्याचा गुण इनग्रॅटिट्यूड, एकाला अन आणि दुसऱ्याला इन. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, काही गोष्टी पाठ करायच्या असतात. आपल्याकडं त्याला "गरज सरो वैद्य मरो" अशी अख्खी म्हण आहे, पाठ करायला सोपी.

मग थँकफुल आणि ग्रेटफुल यातला फरक. मी तर दोन्ही एकच समजत होतो, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच्या जागी दुसरा चालतो पण. मॅडमनी सांगितलं की थँकफुलमध्ये हुश्श जास्त असतं, सुटलो बुवा एकदाचे, टळलं. ग्रेटफुलमध्ये समोर कुणीतरी केलेलं असतं, त्याची जाण. मग म्हणाल्या, २०१९ चा पूर आठवा आणि प्रत्येकानं दोन वाक्यं लिहा, एक या शब्दाचं, एक त्या. कोल्हापुरात पूर म्हटल्यावर कुणाला विचार करायला लागतोय? बत्तीस माणसं खाली मान घालून लिहायला लागली.

माझी बहीण शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला राहते. त्या ऑगस्टात पाणी आलं ते दुपारी रस्त्यावर, संध्याकाळी उंबऱ्यात, रात्री जिन्याच्या सातव्या पायरीवर. आठवी पायरी बुडली नाही. वरच्या मजल्यावर माझी आई होती, तिला डायबेटीस, इन्सुलिन खाली फ्रिजमध्ये आणि फ्रिज पाण्यात. मी इकडं, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, जाणार कसा. गल्लीतल्या तालमीच्या दोन पोरांनी ट्यूबवर फळी बांधून औषध पोचवलं, त्यातल्या एकाला मी आजपर्यंत नीट ओळखत पण नाही, नुसता चेहरा माहितीय. तर मी लिहिलं, आठवी पायरी बुडली नाही, आय ॲम थँकफुल. आणि त्या पोरांना आय ॲम ग्रेटफुल टू देम फॉर द इन्सुलिन. मॅडमनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, नुसती बरोबरची खूण केली आणि "फॉर ब्रिंगिंग" एवढं वर घातलं.

त्यातच ते व्याकरण पण आलं. ग्रेटफुल टू म्हटलं की पुढं माणूस, ग्रेटफुल फॉर म्हटलं की पुढं गोष्ट. मला हे नियम म्हणून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. आता नाही विसरत, टू म्हटलं की ती पोरं दिसतात आणि फॉर म्हटलं की इन्सुलिनची ती निळी थर्मासची पिशवी.

शेजारच्या पोरानं (तोच, रस्सावाला) विचारलं की मॅडम, आपण असं बोलतच नाही की. आईनं ताट वाढलं तर आईला काय थँक्यू म्हणायचं? म्हटलं तर विचारेल, बरं नाही का तुला. हे खरंय. आमच्या घरात कुणी कुणाला धन्यवाद म्हटलेलं मी ऐकलं नाही, धन्यवाद म्हणजे स्टेजवरचा शब्द, आभारप्रदर्शनातला, जे चालू झालं की लोक चपला शोधायला लागतात. गावाकडं म्हणतात "लई उपकार झालं बघा", "बरं झालं तुम्ही होता". गोव्याकडं "देव बरें करूं" म्हणतात, ते मला फार आवडतं, तुझं काम तू केलंस, आता फेडायचं देवानं. पण आपल्याकडं मुख्य म्हणजे जाण ठेवतात. खाल्ल्या मिठाला जागायचं, पांग फेडायचे, उतराई व्हायचं, सगळी क्रियापदंच आहेत, करून दाखवायची. मॅडम म्हणाल्या, कृतज्ञ शब्द फोडून बघा, कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो. आणि कृतघ्न, केलेलं मारून टाकतो तो. आणि गंमत म्हणजे इंग्रजीत थँक आणि थिंक हे शब्द पण एकाच मुळाचे, म्हणजे तिथं पण आधी डोक्यात ठेवणं आलं, तोंडानं म्हणणं नंतर. आपल्या आभारात तर भारच आहे, डोक्यावरचं ओझं. एवढं सगळं दीड तासात. एसी बंद होता, सांगितलंय आधीच.

शेवटी त्यांनी विचारलं, "कृतज्ञता पर्वा"चं इंग्रजी करा. २०२२ ला शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा जिल्ह्यात पर्व झालं होतं, ६ मे ला सकाळी दहा वाजता आहे तिथं शंभर सेकंद उभं राहायचं. मी शॉपवर होतो. सगळी मशिनं बंद केली. सहाच्या सहा लेथ थांबल्यावर शॉप एवढं शांत होतं हे मला वीस वर्षांत माहिती नव्हतं, ट्रेमध्ये कूलंट ठिबकताना ऐकू येत होतं. आमचे आजोबा महाराजांच्या काळात सुरू झालेल्या बोर्डिंगात राहून शिकले, नाहीतर मी आज कुणाच्या तरी उसाला पाणी पाजत असतो. तर कुणी म्हटलं "थँक्स फेस्टिव्हल", कुणी "थँक्सगिव्हिंग". मॅडम म्हणाल्या थँक्स द्यायला समोर माणूस लागतो, तो "वेलकम" म्हणतो आणि व्यवहार संपतो, १९२२ ला गेलेल्या माणसाला थँक्स कसं देणार? तिथं ग्रॅटिट्यूडच. नीट भाषांतर आमच्यातल्या कुणालाच जमलं नाही आणि त्यांनी पण सांगितलं नाही, तास संपला होता.

धंद्याच्या कामाचं एक राहिलं. "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड" हे वाक्य पाठ करून ठेवा. यात आभार नाहीत, काम सांगणं आहे, आपलं "तेवढं केलंत तर उपकार होतील" तेच शब्दाला शब्द. वुड म्हणायचं, विल नाही. आणि जपून वापरायचं, कारण कधी कधी ते गार लागतं, मित्राला लिहिलं तर तो म्हणेल काय झालं रे. मी ते नव्वद दिवस अडकलेल्या पेमेंटसाठी वापरलं, बिल नंबर, तारीख, आणि "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड रिलीज द पेमेंट." खाली थँकिंग यू लिहायचं आता सोडलंय, मॅडम म्हणाल्या ते सरकारी अर्जातलं. पेमेंट अकराव्या दिवशी आलं. वाक्यामुळं आलं का मार्च एंडमुळं, देव जाणे.

आणि तो टर्नर, त्यांना गेल्या महिन्यात घरी जाऊन भेटून आलो. पेढे नेले होते. काय म्हणायचं ते जाताना ठरवलं होतं, तिथं गेल्यावर काहीच म्हटलं नाही, दीड तास नवीन इन्सर्ट कसली भुसभुशीत येतात यावर बोललो.

तर रेटिंग. मॅडमना पाचपैकी पाच, क्लासला दोन, मधलं काढून साडेतीन देतोय. पण जायच्या आधी विचारून घ्या, त्या मॅडम सध्या फक्त सकाळच्या बॅचला असतात, संध्याकाळी दुसरे कोणीतरी आहेत. आणि क्लासची छापील पुस्तिका मिळते, दीडशे रुपयाची, तिच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात "वी आर ग्रेटफुल टू ऑल अवर स्टुडंट्स" लिहिलंय, आणि तिथं ग्रेट म्हणजे जी आर ई ए टी. मी रिसेप्शनवरच्या मुलीला दाखवलं. तिनं बघितलं, खाली वाकून गठ्ठा बघितला, म्हणाली, "काका, पाचशे छापल्यात हो." मग ड्रॉवरमधनं व्हाइटनर काढला आणि माझ्यापुरती एक दुरुस्त करून दिली.